ढवळे सरांना न ओळखता आलेला निवडुंग

गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत ढवळे सरांनी हार हातात घेऊन सांगितलं होतं, "झेंडूचं फूल म्हणू नका. हा फुलोरा आहे. एकेक पाकळी म्हणजे वेगळं फूल." म्हाताऱ्याचा मुलगा रडायचा थांबून हाराकडं बघत राहिला.

नवीन जालन्यात आमची आणि सरांची भिंत एकच. कुंभार पिंपळगावला विज्ञान शिकवून ते रिटायर झालेले. "बिलकुल चूक" हे ते इतक्या समाधानानं म्हणत, की त्यांना बघून लोक रस्ता बदलत.

या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. फुटक्या बादलीत गोल, काटेरी निवडुंग, आणि त्याला वीतभर नळीवर गुलाबी फूल.

"काय नाव याचं?" मी विचारलं.

सरांनी चष्मा पुसून फूल पुन्हा निरखलं आणि म्हणाले, "माहीत न्हाई."

दुपारी फुलानं मान टाकली. सरांकडं फोटो उरला. मोबाइलनं तीन वेळा तीन नावं सांगितली. एका प्राध्यापकांनी चौथं सांगितलं. सरांनी फोनवरच त्यांची परीक्षा घेऊन त्यांना नापास केलं. नर्सरीवाले सलीमभाई नुसतं "कॅक्टस है" म्हणाले, तर त्यांच्याशी बोलणं बंद.

शेवटी सरांच्या बायको मला हळूच म्हणाल्या, "बादली वैशूची हाय. तिलाच ठाव आसंल. पण हे तिला फोन करतेत व्हय?"

वैशाली त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात असते. तिनं जातीबाहेर लग्न केलं. सर लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

मीच फोन केला.

"एकिनॉप्सिस," ती लगेच म्हणाली. "अप्पांना आलं नाही ओळखता?" आणि हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

मी सरांना नाव सांगितलं, आणि कुणी सांगितलं तेही. त्यांनी पुस्तक काढलं, चित्र ताडून बघितलं. "बराबर आहे," म्हणाले. पुस्तक मिटून विचारलं, "आवाज बरा होता का तिचा?"

पुढच्या महिन्यात मी पुण्याला निघालो, तेव्हा त्यांनी निवडुंगाच्या बुडातलं एक पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, वळणदार अक्षरात निवडुंगाचं नाव लिहिलेलं.

"नर्सरीतून आणलं म्हणा," सर म्हणाले.

वैशालीनं अक्षर लगेच ओळखलं. दोरा सोडून तिनं चिठ्ठी माझ्या हातात परत दिली आणि पिल्लू तेवढं कुंडीत लावलं.

परत आलो तर सर फाटकातच उभे. "ठेवून घेतलं का?"

"घेतलं."

"आन् चिठ्ठी?"

"तीही घेतली," मी म्हणालो.

प्रत्येक गोष्ट तपासून बघणारा तो माणूस पुढं काही न विचारता घरात गेला. चिठ्ठी माझ्या खिशातच होती.