भुंकण्याचे धोरण

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या ‘गोदातीर एलिगन्स’ या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गळकी टाकी आणि बंद पडलेला पंप हे किरकोळ विषय बाजूला सारून चिवडा हा मुख्य विषय घेण्यात आला. चिवडा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या सुवर्णाताईंचा कुत्रा. अंगभर पिवळे-तपकिरी ठिपके, म्हणून चिवडा. त्याने लिफ्टमध्ये साक्षात चेअरमन यादवरावांवर भुंकण्याचे कृत्य केले होते. ठराव झाला: कुत्र्यास शिस्त लावावी, अन्यथा सोसायटीबाहेर काढावे.

सुवर्णाताईंच्या तोंडचे पाणी पळाले. डोळेही न उघडलेल्या पिल्लाला त्यांनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवले होते. त्यांनी समाधानला बोलावले.

समाधान श्वान-वर्तनतज्ज्ञ होता. मखमलाबादला घरची झेंडूची शेती सोडून तो या धंद्यात आला, याचे दुःख त्याची आई चिमणाबाई दारी येईल त्याला सांगे. “लोकांची पोरं सायेब झाली. आमचं कुत्र्यांला ऊठ-बस शिकवतंय. बरं, घरचं कुत्रं तरी ऐकतंय का? नाय!”

समाधानने बिस्किटे आणि चिकाटी यांच्या जोरावर चिवड्याला गप्प केले. इतके गप्प, की गॅसवाला आला, भंगारवाला आला, तरी चिवडा आपला लॉबीत जांभया देत पडलेला. लगेच नवी तक्रार आली.

“कुत्रा असून भुंकत नाही म्हणजे काय?” यादवराव गरजले. “मग मांजर काय वाईट होतं?”

“सर, तुम्हीच म्हणाला होतात, भुंकायला नको,” समाधान म्हणाला.

“आमच्यावर नको! बाहेरच्यांवर हवं!”

त्यासाठी ‘भुंकण धोरण उपसमिती’ नेमली गेली. तिने चहा-बिस्किटांच्या बैठका घेऊन माणसांचे प्रतिष्ठित, साधारण आणि अवांछित असे वर्ग पाडले. पहिल्या वर्गासमोर शेपूट हलवावे, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावे, तिसऱ्यावर भुंकावे. समाधानने हात जोडले. “सगळं खरं, पण कुत्र्याला वर्ग कळायला काहीतरी खूण लागेल ना?”

सेक्रेटरी हर्षल तरुण आणि तडफदार होता. “सोपं आहे. पायात बूट असले तर माणूस चांगला.”

समाधानने कपाळाला हात लावला आणि बूट शिकवले. श्रावणात यादवराव त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करून, पुण्य गाठीशी बांधून अनवाणीच घरी परतले. चिवड्याने त्यांना गेटपर्यंत पिटाळले. त्याच आठवड्यात चकचकीत बूट घातलेला एक गृहस्थ क्लबहाऊसमधला टीव्ही काखोटीला मारून निघून गेला. जाताना चिवड्याने त्याच्याशी हस्तांदोलन केले.

धोरणात दुरुस्ती झाली: ‘धार्मिक कारणास्तव अनवाणी असणाऱ्यांस वगळावे.’ ही दुरुस्ती चिवड्याला समजावून सांगण्याची जबाबदारी अर्थातच समाधानची. ते जमेना, म्हणून बुटांऐवजी मोटारगाडीची खूण ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायी फिरायला निघालेल्या अख्ख्या सोसायटीला चिवड्याने भुंकून जिन्यातच अडवून धरले.

शेवटी समाधान वैतागला. “साहेब, कुत्र्याला बूट कळत नाहीत, गाडी कळत नाही. ते आपल्या माणसाचा चेहरा बघतं. त्याला लॉबीत बसू द्या. तुम्ही कोणाकडे कसं बघता ते बघून ते आपोआप शिकेल.”

उपसमितीला हे फार आवडले. “म्हणजे आपले संस्कारच होतील म्हणा की!” हर्षल म्हणाला.

आणि संस्कार झाले! चिवड्याने असा काही उजेड पाडला, की बोलायची सोय नाही. पार्सलवाल्यावर तो एकदाच तुटक भुंके, कामवाल्या मावशींवर दोनदा, भंगारवाल्यावर दम लागेपर्यंत. बिल्डर दिसला की तो उताणा होऊन पोट दाखवी. सातपूरच्या कारखान्याचे मालक कोणते आणि त्याच कारखान्यातून पाळी संपवून येणारा कामगार कोणता, हे त्याला लांबून कळू लागले. रहिवाशांचा ऊर भरून आला. एवढी जाण आपल्या मुलांनाही नाही, असे दोघीतिघी म्हणाल्यासुद्धा.

अखेर चिवड्याला ठेवायचे की काढायचे, हे ठरवणाऱ्या परीक्षेचा रविवार उजाडला. लॉबीत खुर्च्या मांडल्या, दोन बिल्डर पाहुणे म्हणून आले. पाहुणे, पार्सलवाला, मावशी, सगळे प्रश्न चिवड्याने अचूक सोडवले. यादवराव निकाल जाहीर करायला उठले, तेवढ्यात वणीच्या एसटीने आलेले एक म्हातारबाबा आत शिरले. मळके धोतर, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत टोमॅटोच्या पिशव्या. हे यादवरावांचे वडील, बहिरूबाबा.

यादवरावांनी वडिलांकडे पाहिले, मग बिल्डरांकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

चिवडा ताडकन उठला आणि दम लागेपर्यंत भुंकला.

“चुकला!” यादवराव ओरडले. “नापास! काढा याला बाहेर!”

सुवर्णाताईंनी चिवड्याला मिठीच मारली. समाधान पेचात पडला. गप्प राहावे तर मुके जनावर जाते, खरे सांगावे तर चेअरमनची इज्जत जाते.

“आरं, मला काय व्हतंय भुकलं तर?” बहिरूबाबा म्हणाले. “लय गुणी कुत्रं हाय. ह्ये टमाटं खातंय का बघ बरं?”

समाधानने जीव मुठीत धरला. “साहेब, एकदा परत घेऊ. बाबा पुन्हा आत येतील. या वेळी पुढं होऊन पिशव्या तुम्ही घ्या.”

सगळे यादवरावांकडे बघत होते. नाइलाज होता. ते पुढे झाले, पिशव्या घेतल्या, वाकून वडिलांच्या पाया पडले आणि बिल्डरांना म्हणाले, “हे माझे वडील.” चिवडा शेपूट हलवत आला आणि बहिरूबाबांच्या पायावर हनुवटी टेकून पडला. समाधानला भरून आले. चिवडा पास झाला, राहिला.

पण एवढ्यावर थांबेल ती समिती कसली? कुत्रा निर्दोष आहे, दोष कपाळांचा आहे, हे ध्यानात येताच तिने सर्व रहिवाशांसाठी कपाळ-प्रशिक्षण सक्तीचे केले. आता रोज सकाळी समाधान त्यांना रांगेत बसवतो. “कपाळ सैल सोडा... भंगारवाला आला असं समजा... हसा... शाब्बास!” जमले की बिस्किट देतो. हर्षलला हल्ली दोन मिळतात. मावशी अजून जिन्यानेच चढतात, लिफ्टला हात लावायची त्यांना परवानगी नाही, पण जिना चढताना त्यांच्याकडे बघून सगळे गोड हसतात. चिवडा बिचारा गोंधळून खुर्चीखाली जाऊन बसतो.

समाधानचे नाव झाले आहे. तो आता घरोघरी जातो. परवा तुमच्याकडेही आला होता. तुम्ही हसूनच दार उघडलेत, या म्हणालात. फक्त आत घेण्याआधी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलेत. तुमचा कुत्रा भुंकत सुटला. तुम्ही त्याला दटावलेत आणि समाधानला म्हणालात, “सॉरी हं. काय माहीत, हे असलं कुठून शिकतो!”