तूर्तास बंद

विमानातलं कॉफीचं मशीन बिघडलं, तेव्हा कंपनीने पूर्ण जबाबदारीने त्याच्यावर 'तूर्तास बंद' असं छापलेला पिवळा स्टिकर लावला. विमान उडायला कॉफी लागत नाही, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. हँगरच्या भाषेत याला 'डिफर करणं' म्हणतात. दुरुस्ती पुढे ढकलायची, पण नियमाने. घरी आपण हेच केलं तर त्याला आळस म्हणतात, एवढाच काय तो फरक.

स्टिकर लावायचं काम टॉर्चभाऊकडे होतं. हा रीतसर शिकलेला मेकॅनिक. खिशात सदानकदा टॉर्च, म्हणून हे नाव. कॉफीनंतर त्याने वाचायच्या दिव्यांना स्टिकर लावले, मग मागच्या टॉयलेटला, मग न वाकणाऱ्या खुर्च्यांना. दोनपैकी एक एसी गेला, तर दुसरा होताच. सगळं नियमात चपखल बसत होतं. हातात पाना शेवटचा कधी धरला, हे बिचाऱ्याला आठवेना. स्टिकर मात्र तो एकही सुरकुती न पाडता लावायचा, आणि त्याबद्दल कंपनीने त्याचा सत्कारही केला होता.

त्या सकाळी हवामानाचं रडार बंद पडलं. वाटेतले वादळी ढग वैमानिकाला दाखवतं, ते हे रडार. आणि आज टॉर्चभाऊ स्वतः याच विमानाने निघाला होता. मेव्हणीचं लग्न होतं आणि बायको नटूनथटून बाहेर येऊन बसली होती. तो तडक मेंटेनन्सच्या साहेबांकडे गेला.

"साहेब, रडार गेलंय. आज नको उडवायला."

"हवामान स्वच्छ असेल तर रडार डिफर करता येतं," साहेब म्हणाले. "आणि आजचा अंदाज स्वच्छ आहे."

"अहो, खिडकीतून बघा तरी. काळंकुट्ट झालंय."

साहेबांनी मान वळवली नाही. "खिडकीतलं हवामान अधिकृत नसतं. जा, स्टिकर लावा."

टॉर्चभाऊने ड्रॉवर उघडला. स्टिकर संपले होते. आता मात्र साहेबांचं धाबं दणाणलं. स्टिकरवाला बिघाड नियमात बसतो. बिनस्टिकरचा बिघाड घेऊन विमान जागचं हलू शकत नाही. खरेदी विभागाला फोन गेला. स्टिकर छापायचं मशीन तूर्तास बंद होतं, आणि शेवटचा स्टिकर त्याच्यावरच लावला होता.

टॉर्चभाऊला मनापासून हायसं वाटलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, विमान रखडलंय म्हणे. तुमच्या हातात काहीच नाही का?"

"अगं, रडार बिघडलंय."

"ते मला नका सांगू. दादाच्या लग्नातही जेवणं उरकल्यावर उगवला होतात. माहेरचे अजून टोमणे मारतात मला."

ढगांची भीती नवी होती, सासुरवाडीची जुनी. टॉर्चभाऊ विमानात चढला, कॉफीच्या मशीनवरचा स्टिकर नखाने अलगद सोडवला आणि रडारच्या बटणाशेजारी चिकटवला. त्या क्षणी कॉफीचं मशीन कागदोपत्री दुरुस्त झालं.

विमान ढगात शिरलं आणि चाळणीतल्या गव्हासारखे सगळे हलले. टॉर्चभाऊने बायकोचा हात गच्च धरला. इतक्या वर्षांनी नवऱ्याला प्रेम सुचलं, म्हणून ती लाजली. विमान कसंबसं उतरलं, लग्न गाठलं आणि सासऱ्यांनी जावयाच्या वक्तशीरपणाचं चारचौघांत कौतुक केलं.

पुढच्या आठवड्यात प्रवाशांच्या तक्रारींचा गठ्ठा आला. धक्क्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मशीनवर स्टिकर नाही, म्हणजे ते चालू आहे; मग आम्हाला कॉफी का दिली नाही, एवढंच प्रत्येकाला विचारायचं होतं. कंपनी हादरली. त्याच संध्याकाळी नवं कोरं कॉफीचं मशीन बसलं. रडारवरचा स्टिकर अजून जागेवर आहे, एकही सुरकुती नाही.

टॉर्चभाऊने तो गठ्ठा सहज चाळला. सगळ्यांत वरची तक्रार, ज्यात साखर मिळाली नाही म्हणून वेगळ्या दोन ओळी होत्या, ती तुमची होती.