पाणवठ्याची फाइल उघडत नाही

एका जंगलात एक संगणक होता. हो, जंगलातच. तिथे वीज कुठून आली, असले प्रश्न गोष्ट संपल्यावर विचारायचे. मधेच कुणी तोंड उघडलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवते.

तर बाळांनो, हा संगणक पाणवठ्याच्या काठावर, एका जांभळीखाली ठेवला होता. पूर्वी ज्याला तहान लागे तो येई आणि पाणी पिऊन जाई. पण उन्हाळ्यात फार ढकलाढकली होऊ लागली. म्हणून वाघमहाराजांनी हुकूम काढला, की यापुढे सगळ्यांनी पाळीपाळीने पाणी प्यावं. पाळ्यांचा एक तक्ता झाला, आडव्या-उभ्या चौकटींचा. तो संगणकात एका फाइलमध्ये ठेवला.

नियम अगदी सोपा होता. फाइल उघडायची. नाव पुकारायचं. ज्याचं नाव, त्याने पाणी प्यायचं. मग त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करायची. खूण झाली नाही तर पाणी मिळायचं नाही.

या खात्याचे प्रमुख होते एक खवलेमांजर. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. स्वभावाने देवमाणूस. म्हणजे देवमांजर म्हणा हवं तर. एकच सवय होती. अडचणीचं काही विचारलं की ते अंगाची गुंडाळी करून चेंडू व्हायचे. अडचण निघून गेली की हळूच उलगडायचे. याच सवयीवर ते इतके वर चढले होते.

संगणक सांभाळायला एक साळिंदर होतं. ते शहराच्या कडेला राहून काहीतरी शिकून आलं होतं. काय शिकलं, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं की ते काटे फुलवायचं.

एके दिवशी ऐन उन्हाच्या वेळी बकुळा नावाची हरिणी पाणवठ्यावर आली. तिच्याबरोबर तिचं पाडस होतं. लांबून आली होती बिचारी. पाडसाची जीभ बाहेर आली होती आणि पाय लटपटत होते. आल्या आल्या ते जांभळीखाली बसलं, ते उठेचना.

"साहेब, आज आमची पाळी आहे," बकुळा म्हणाली. "लेकराला घोटभर पाणी मिळालं तर बरं होईल हो."

"बघतो ना बाई," साळिंदर म्हणालं. "बसा."

त्याने फाइल उघडली. फाइल उघडली नाही. पडद्यावर एक पाटी आली. पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं: ही फाइल महाराजांच्या गुहेतल्या संगणकावर उघडी आहे. महाराजांनी बंद केल्यावर पुन्हा प्रयत्न करा.

साळिंदराने पाटी वाचली. रावसाहेबांनी वाचली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाळांनो, तुम्हाला सुद्धा समजलं ना काय झालं होतं ते? त्यांनाही समजलं होतं. पण समजलं असं म्हटलं, तर महाराजांना जाऊन सांगावं लागतं.

"व्हायरस दिसतोय," साळिंदर म्हणालं.

"मलाही तेच वाटलं," रावसाहेब म्हणाले.

मग काय विचारता! संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पाटी आली. वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा लावली. पाटी आली. फाइलचं नाव बदलायला गेले, तर फाइल नावही बदलू देईना. कुणीतरी म्हणालं, गेल्या दसऱ्याला याची पूजा राहिली होती. म्हणून संगणकाला हळदकुंकू लावलं आणि आंब्याची डहाळी वाहिली. पाटी आली, या वेळी जरा पिवळी दिसली एवढंच.

इकडे पाडसाने डोळे मिटले. पाणी चार उड्यांवर चमकत होतं. बकुळा कधी पाण्याकडे बघे, कधी संगणकाकडे.

"साहेब, ते खाली बटण आहे," ती म्हणाली. "त्यावर काय लिहिलंय? फक्त वाचण्यासाठी उघडा, असंच ना?"

साळिंदराने नाइलाजाने बटण दाबलं. फाइल उघडली! चौकटीत नाव होतं, बकुळा हरिणी व पाडस. आजचीच पाळी.

"मिळालं की हो!" बकुळा उठलीच.

"थांबा, थांबा," रावसाहेब म्हणाले. "नाव आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण ही फाइल फक्त वाचायची आहे. हिच्यात खूण करता येत नाही. खूण नाही म्हणजे तुम्ही पाणी प्यायलाच नाहीत. आणि जे पाणी तुम्ही प्यायलाच नाहीत, ते मी तुम्हाला कसं पिऊ देऊ?"

 तुम्हाला यावर काही बोलता येतंय का? मला तरी येत नाही.

"मग महाराजांना सांगा ना, फाइल बंद करा म्हणून," बकुळा म्हणाली.

हे ऐकताच रावसाहेबांचा चेंडू झाला. साळिंदराने काटे फुलवले आणि ते वायरी मोजायला लागलं.

बकुळाने पाडसाकडे पाहिलं. मग ती स्वतःच वाघाच्या गुहेकडे निघाली. हरिणी वाघाकडे निघाली बरं का, आपल्या पायांनी!  आणि गेलीसुद्धा.

महाराज नुकतेच जेवले होते, हे तिचं नशीब. काय जेवले, ते विचारू नका. संगणकापुढे बसून आपलं नाव सगळ्यात वर आहे ना, हे बघता बघता त्यांना डुलकी लागली होती. पंजा तसाच कीबोर्डवर पडला होता.

"महाराज," बकुळा दारातूनच म्हणाली, "तेवढी पाणवठ्याची फाइल बंद करता का? लेकरू तहानलंय."

महाराज जागे झाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चक्क ओशाळले.

"अगं, उघडीच राहिली होय? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

ते काही वाईट नव्हते हो. कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लगेच फाइल बंद केली. संगणकाने विचारलं, बदल जतन करायचे का?

"मी कुठे काय बदललंय?" महाराज म्हणाले. "पण जतन करणं केव्हाही चांगलंच." आणि त्यांनी 'हो' दाबलं.

बकुळा धावत परत आली. तोवर जांभळीखाली टाळ्या वाजत होत्या. फाइल उघडली होती! साळिंदर सगळ्यांना सांगत होतं, की व्हायरस फार चिवट होता. रावसाहेब उलगडून त्याची पाठ थोपटायला गेले आणि काटा लागून मागे सरले.

"साहेब, आता आमचं नाव पुकारा," बकुळा म्हणाली. तिला धाप लागली होती.

साळिंदराने वर-खाली पाहिलं. "तुमचं नाव नाही यात."

"अहो, मघाशी तुम्हीच बघितलंत ना!"

"मघाची फाइल नुसती वाचायची होती, बाई. ही खरी आहे. या ठिकाणी कुणीतरी घघघघघ म्हणून आहे." साळिंदराने मान वर करून हाक दिली, "घघघघघ! घघघघघ आलेत का?"

कुणी आलं नाही. रावसाहेब म्हणाले, "नसतील तर पुढचं नाव घ्या. तुम्ही अर्ज द्या बाई, चौकशी होईल."

"माझं नाव बकुळा," ती म्हणाली. "माझ्या आईने ठेवलंय. या पाणवठ्यावर सगळे मला याच नावाने—"

पाडसाची मान खाली कलली.

बकुळा साळिंदराकडे वळली. 

"हजर," ती म्हणाली. "मीच ती. मीच घघघघघ."

"मग आधी नाही का सांगायचं!" साळिंदर खेकसलं आणि त्याने बरोबरची खूण केली.

पाडस पाणी प्यायलं. पोट भरून प्यायलं, उठलं, दोन उड्याही मारल्या त्याने. आईने त्याला चाटून चाटून ओलं केलं. सगळे रीतसर घरी गेले. पुढे त्या हरिणीला नातवंडं झाली, पतवंडं झाली. ती सगळी आजही पाणवठ्यावर येतात आणि घघघघघ असा पुकारा झाला की गुणी मुलांसारखी हजर म्हणतात.

तात्पर्य: फाइलमध्ये चूक झाली तर फाइल दुरुस्त करायची नसते. आपण दुरुस्त व्हायचं असतं.