श्रीरंगकाकांचं तोंड गोड

"सोपं आहे गं! प्लॅनिंग माझ्यावर सोड," प्रताप म्हणाला, आणि तिथेच त्याच्या बायकोने, कुंदाने, कपाळाला हात लावला. प्रताप रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात नियोजन बघायचा. जगातली कुठलीही अडचण नियोजनाने सुटते, मरणसुद्धा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मरण नीलिमाआत्याचं होतं. प्रतापची सख्खी आत्या, सारा संसार याच गावात झालेला. तेरावा झाला. आता दुखवटा संपवायला माहेरच्यांनी तिच्या नवऱ्याचं, श्रीरंगकाकांचं, तोंड गोड करायचं. जर्मनीत आत्याचं माहेर म्हणजे एकटा प्रताप! पण ती गेल्यापासून काकांनी चहा आणि कोरड्या ब्रेडखेरीज कशाला हात लावला नव्हता. कुंदाने वरणभात नेला, तर वास येताच ते ताटावरून उठले. पॅन्ट नुसत्या पट्ट्याच्या भरवशावर उभी होती. असंच चाललं तर काकाही आत्याच्या मागोमाग जातील, ही भीती दोघांच्याही मनात होती.

"घरचं समोर आलं की त्यांना आत्या आठवते," प्रतापने निदान केलं. "तेव्हा तिने जन्मात केलं नाही असं खायला घालायचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं! डॅन्यूबकाठी नवीन हॉटेल निघालंय, मॅग्नोलिया. रविवारी ब्रंच!"

"अरे, दुखवट्याचं गोड कुणी हॉटेलात करतं का?"

"आपण करायचं!"

त्याने फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, काय निमित्त? आता 'तोंड गोड करणं' जर्मनमध्ये कसं समजावायचं? आणि रविवारी सकाळी दुखवट्याला टेबल कोण देणार? प्रताप म्हणाला, "घरगुती कार्यक्रम आहे. वयस्कर गृहस्थांना आधी गोड द्या. ते फार महत्त्वाचं आहे." मुलगी आनंदाने चीत्कारली. "बघ, किती समजूतदार माणसं!" प्रताप कुंदाला म्हणाला.

रविवारी टेबलावर सोनेरी फुगे होते.

"प्रताप," कुंदा दातांतल्या दातांत म्हणाली.

"सगळ्याच टेबलांना असतील गं."

कुठल्याच टेबलाला नव्हते! वेट्रेसने काळ्या कोटातल्या काकांना मधोमध बसवून त्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवला. काकांनी तो काढला नाही. अलीकडे ते कशालाच नाही म्हणत नव्हते, अन्नाखेरीज.

"चिकन नको, निदान आज तरी," असं म्हणून कुंदाने वॉफल आणि ग्रिट्स मागवले. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याची पातळसर लापशी, तिकडे सकाळी खातात. काका फुग्यांकडे बघत बसले होते. प्रतापने नजरेनेच कुंदाला कळवलं की सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

तेवढ्यात दिवे मंद झाले. वेट्रेस, दोन कूक आणि बारवाला वाढदिवसाचं गाणं गात आले. पुढे पीच कॉब्लर, म्हणजे पीचच्या फोडींचा भाजलेला गोड पदार्थ, त्यात खोचलेली भली मोठी फुलबाजी! सगळं हॉटेल टाळ्या वाजवायला लागलं.

"तर मग, किती वर्षांचे झालात?" वेट्रेसने काकांना विचारलं.

काकांच्या आधी प्रतापची सात वर्षांची मुलगी कुहू खुर्चीवर उभी राहिली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "वाढदिवस नाहीये! आमची नीलिमाआजी मेलीये!"

टाळ्या थांबल्या. गाणं थांबलं. फुलबाजी मात्र थांबेना! तडतड, तडतड, त्या सुतकी शांततेत तिचा उत्साह अधिकच वाढला. प्रतापने फुंकर मारली, ती विझली नाही. नॅपकिनने झटकली, तर नॅपकिनने पेट घेतला! शेवटी त्याने संत्र्याच्या रसाचा अख्खा जग ओतला. आग विझली आणि तोंड गोड करायचा पदार्थ रसात बुडाला. वेट्रेस रडायला लागली, तिला बघून बारवालाही.

या सगळ्या गोंधळात काकांनी जवळची वाटी पुढे ओढली होती. मुकुटाखाली वाकून ते चमच्याने ग्रिट्स खात होते. कुंदाने प्रतापचा दंड घट्ट धरला.

"काका… आवडलं?" प्रतापने घाबरत विचारलं.

"गिचका आहे," काका म्हणाले. "आणि अळणी." आणखी एक चमचा घेतला. "नीलिमाचं उपीट असंच व्हायचं रे. अगदी असंच."

कुंदाने घाईघाईने मिठाची बाटली उचलली. काकांनी वाटीवर हात धरला.

"नको. राहू दे तसंच," ते म्हणाले, आणि भरल्या हॉटेलात, मुकुटासकट, हमसून हमसून रडायला लागले. रडता रडता खात होते, खाता खाता रडत होते. मग नाक पुसून त्यांनी वेट्रेसला रिकामी वाटी दाखवली. अजून एक आण.

ज्यात आत्या आठवणार नाही असं खाणं शोधायचं, ही सगळी योजना साफ धुळीला मिळाली होती! प्रतापने राखेतला, रसातला कॉब्लर स्वतःकडे ओढला आणि खाली मान घालून संपवायला घेतला. त्यालाही रडू येत होतं, पण ते काही नियोजनात नव्हतं.