जिताड्यावर बसवलेला हात

"सुई? आरं, जल्मभर जाली विनली मी! मना सुईचा काय सांगतंस?" दिवाळे गावच्या तुळशीरामाने नाव चालवणाऱ्या तांडेलापुढे छाती फुगवली.

साल एकोणीसशे बासष्ट. त्याला साखरेचा रोग जडलेला, रोज दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून इन्शुलिन टोचून घ्यायचं. आणि मंगळवारी नाव आठ दिवस मासेमारीला निघणार! तांडेल धर्मराजने स्पष्ट सांगितलं होतं, "सोताची सुई सोता मारशील तर चल. नायतर बस घरी."

तुळशीराम कंपाउंडरकडे गेला.

"प्यालं तर?"

"पोटात पचून जातं. साखर तशीच."

"मंग बामासारखा चोळला तर?"

"कातडीबाहेरच राहतं. सुईच लागते, तुळशीराम! आधी मोसंब्यावर टोचून हात बसवा."

मोसंबं? कोळीवाड्यात ते माणूस मरायला टेकल्यावरच यायचं! दारात मात्र पहाटे धरलेला हातभर जिताडा मासा पडला होता. बायको येसूबाई पाण्याला गेली, तेवढ्यात तुळशीरामाने त्यालाच पेशंट केलं. कंपाउंडरने दिलेल्या सुईच्या पिचकारीत पाणी भरायचं, टोचायचं, पुन्हा भरायचं. एवढं पाणी आत जातं कुठे, याचं त्याला भारीच नवल! जिताडा मानपानाला बसलेल्या व्याह्यासारखा फुगला.

परतलेल्या येसूबाईने तो तसाच पाटीत घातला आणि बेलापूरचा बाजार गाठला.

"काय भरलाय बगा, मास्तर!"

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या शाळामास्तरांनी माशाचं पोट दाबून पाहिलं. सुर्रर्र! थेट चष्म्यावर धार!

"येसूबाई, मासा आणलास की पाण्याची पखाल?"

शेजारी मासे विकणारी सगुणा लगेच जवळ सरकली. "जाडा दिसाला पानी भरतंस? कसा गो भरतंस? आमाला पन दाव!"

येसूबाई तणतणत घरी आली.

"जिताड्यात पानी कुनी भरला?"

"मीच. हात बसवत व्हतो."

"मंग बसला?"

"माशावं बसला. माजे मांडीवं आला का थरथरतं."

येसूबाईने पिचकारी आणि कोरी सुई उकळली, कंपाउंडरने करून दिलेल्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि नवऱ्याची मांडी धरली.

"मार ना आता! का थांबलीस?"

"कवाच मारली."

"लागलाच नाय! गो, तू तर डाक्तरीन!"

दारात धर्मराज उभा होता. "हात बसला खरा," तो म्हणाला, "पन वैनीचा. आनी नावेवं बाई नेत नाय आमी."

मंगळवारी नाव गेली. तुळशीराम येसूबाईच्या पाटीमागे बाजारात बसला. गिऱ्हाईक आलं की एकेक मासा दाबून दाखवायचा, "बगा, पानी नाय!"

सगळे वाकून बघायचे. मास्तर तेवढे आधी चष्मा खिशात घालायचे.