सबनीसांचे गळके कॉफीयंत्र

वस्तू दुरुस्तीला देण्यापूर्वी माधवराव सबनीस तिच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नखरंगाचा ठिपका देत. मिक्सर असो, इस्त्री असो, भिंतीवरचे घड्याळ असो, अपवाद नसे. नखरंगाची बाटली त्यांच्या मुलीची, ती कॉलेजात असतानाची. वस्तू परत आली की सबनीस भिंग घेऊन बसत, आणि एखाद्या ठिपक्याची कड किंचित हललेली दिसली की कारागिराला विचारीत, "हा उघडला होतात. आत काय होतं?"

"आत काय?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. सारी नोकरी सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडच्या जकात नाक्यावर, ट्रकांच्या ताडपत्र्या उचलण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ट्रक राहिले नाहीत, म्हणून ते आम्हा शेजाऱ्यांना जिन्यात अडवीत.

"ओक, पिशवीत काय आहे?"

"वांगी. मंडईतून आणलीत."

"वांगी वर आहेत. खाली काय?"

खाली हापूस होते, हे मी मान्य करतो. परंतु ते सांगण्याचे बंधन माझ्यावर नव्हते.

या सबनीसांच्या कॉफीयंत्राविषयी आमच्या सोसायटीत ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्या साफ खोट्या आहेत. यंत्र पाटसकरांनी इंटरनेटवर व्हिडिओ पाहून दुरुस्त केले, अशी एक. पाटसकर आमचे सेक्रेटरी, आणि ही हकिकत त्यांच्याकडूनच प्रसृत झालेली आहे. प्रत्यक्षात त्यांनी एके दिवशी विजेरी धरली होती, तीही बहुतांश माझ्या डोळ्यांवर. यंत्रात सबनीसांनी सोने दडवले होते, असेही बोलले जाते. मी खडकीच्या कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली आहेत. तिथे केसाच्या जाडीइतकी चूकही परत येत असे. तेव्हा काय घडले, ते माझ्याकडून ऐकावे.

घरात दोघेच, सबनीस आणि त्यांची मुलगी मृणाल. ती हिंजवडीला आयटीत. कंपनीने तिला सहा महिने जर्मनीला पाठवले, तेव्हा येताना तिने हे यंत्र विमानात मांडीवर घेऊन आणले. दर शनिवारी सकाळी ती त्यावर कॉफी करी. मूठ असलेल्या एका धातूच्या वाटीत पूड दाबून भरायची, ती वाटी यंत्राच्या तोंडाशी फिरवून घट्ट बसवायची, की खाली दाट काळी धार येई. सबनीस अट्टल चहावाले. "औषध झालं का गं तयार?" असे विचारीत, आणि कप रिकामा करीत.

पुढे मृणाल तिकडेच कायमची राहिली. यंत्र ओट्यावर राहिले. सबनीस रोज सकाळी साडेसातला बटण दाबीत, दिवा लागे, यंत्र तापे, ते बटण बंद करीत आणि गॅसवर स्वतःचा चहा टाकीत. "यंत्र चालतं राहिलं पाहिजे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. तीन वर्षे असे चालल्यावर यंत्र मुठीभोवतून गळू लागले. पाणी ओट्यावरून उतरून खालच्या रव्याच्या डब्यापर्यंत पोहोचले. नेमके तेव्हाच मृणालचे पत्र आले, म्हणजे मेल. डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येते आहे.

"ओक, ती आल्या आल्या कॉफी करायला घेणार," सबनीस मला म्हणाले. "तेव्हा हे गळता कामा नये."

प्रथम त्यांनी सर्व्हिसवाला बोलावला. तो टी-शर्टातला तरुण यंत्राकडे एक नजर टाकून म्हणाला, "अंकल, गॅस्केट गेलंय. हँडल काढून बघावं लागेल."

"गेलंय म्हणजे कुठे गेलंय? आणि हँडलच का? बाकी यंत्र दिसत नाही तुम्हाला?"

"अंकल, लीक तिथूनच आहे."

"तुमचा डोळाही तिथेच आहे. यावं आपण."

दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकाने हात मुठीलाच घातला आणि प्रत्येक जण दाराबाहेर गेला. मग मी आणि पाटसकर. मागचे झाकण उघडले, नळ्या तपासल्या, पाटसकरांनी मला आंधळे केले. मूठ उघडू देण्यास सबनीसांनी नकार दिला. ज्या माणसाने उभा जन्म इतरांची गाठोडी सोडून पाहिली, त्याला एक वाटी उघडवेना, यावरून मला दाट संशय आला. सोन्याचा नव्हे, मी इतका पोरकट नाही. मला कागदपत्रांचा आला.

मृणाल यायला आठवडा उरला असता, एका दुपारी सबनीस माझ्या दारात उभे.

"ओक, जरा येता का? एकटेच या. पाटसकर नकोत. त्यांची विजेरीही नको."

मी रविवार पेठेतून आधीच आणून ठेवलेले रबरी कडे, म्हणजे तेच गॅस्केट, खिशात घातले आणि गेलो.

"मूठ मी काढीन," ते म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी जोर केला. मूठ हलेना. अखेरीस मला त्यांच्या हातांवर हात ठेवावा लागला. ती कुरकुरत सुटली.

वाटीत कॉफीची वडी होती, वाफेने घट्ट होऊन, वाळून दगड झालेली. तिच्यावर मधोमध एक लहानसा खोलगट ठसा होता.

सबनीसच म्हणाले, "पूड दाबायचा ठोकळा ती तिकडेच विसरून आली होती. अंगठ्यानं दाबायची. जायच्या दिवशी माझ्यासाठी भरून लावली, तेवढ्यात टॅक्सीवाल्यानं खालून हॉर्न दिला. पाणी सोडायचं राहिलं."

"आणि तुम्ही?"

"मी फक्त तापवतो. पाणी सोडलं तर धुऊन नाही का जाणार?"

सतत तापून रबर तडकले होते. ते बदलण्यास मला दहा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात सबनीसांनी चमच्याच्या टोकाने वडी अखंड सोडवली, स्टीलच्या डबीत ठेवली आणि झाकणाच्या कडेवर लाल ठिपका दिला.

मृणाल आली. पंधरा दिवस यंत्र एक थेंबही गळले नाही. "बाबा, कोणी दुरुस्त केलं?" तिने विचारले, आणि सबनीसांनी, पाटसकर समोर बसलेले असताना, "ओकांनी" असे सांगितले. पाटसकरांना आता ते आठवत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसातला त्यांच्याकडे गेलो. यंत्राचा दिवा लागलेला होता. मूठ घट्ट बसवलेली होती, आणि ती यंत्राला जिथे टेकते तिथे लाल ठिपका, अजून ओला.

सबनीस गॅसपाशी उभे राहून माझ्याकडे रोखून पाहत होते. मी आता "आत काय?" विचारणार, असा त्यांना संशय असावा.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

"घेतो," मी म्हणालो. "आणि तसलं आणखी एक कडं मी आणून ठेवलंय. लागेल तेव्हा सांगा."