सोजरबाईंचं सोवळं आणि काचेची नळी

"माय, तुझं सोवळ्याचं रेशमी लुगडं दे वं तासाभरासाठी," प्रकाश म्हणाला आणि सोजरबाईंच्या हातातली पळी ताम्हनात पडली.

शाळेतलं प्रयोगाचं रेशीम उंदरांनी खाल्लं होतं आणि तपासणीचे साहेब येऊन ठेपले होते. गाव नव्या मध्य प्रदेशात राहिल्यापासून साहेब नागपूरहून नाही, भोपाळहून यायचे, हिंदी बोलणारे. प्रयोग फसला तर प्रकाशची मास्तरकीची कच्ची नोकरी गेलीच. सोजरबाई दोन यत्ता शिकलेल्या. बाकीची अक्कल त्यांनी दुसऱ्यांना वाटून वाटून वाढवली होती.

"लुगडं एकटं जायचं नाही. मी येते त्याच्यासंगं. घरच्या पाटावर उभी राहीन, अन् मले कोणी शिवायचं नाही!"

वर्गात प्रकाशनं काचेची नळी धरली आणि पाटावरच्या सोजरबाईंनी ती पदरानं घासली, खरकटं पातेलं घासावं तशी.

"हळू, माय."

"तुझा बापही असंच म्हणे."

टेबलावर कापसाचे बारीक पुंजके होते. नळी जवळ नेताच ते टुणकन तिला चिकटले आणि दुसऱ्याच क्षणी झटका बसल्यासारखे उधळले. उधळले ते थेट सोजरबाईंवर. अंबाड्यावर, भुवयांवर आणि एक नाकाच्या शेंड्यावर. पोरं फिदीफिदी हसली.

"हे काय रे मेल्या?"

"पाट, माय! नळीवर एक वीज, तुझ्यावर तिच्या उलटी. कोरडं लाकूड तिला जमिनीत जाऊ देईना."

साहेब मात्र भारावले. "अम्माजी, प्रणाम!" म्हणत ते पायांशी वाकले. चट्! अंगठ्याजवळ ठिणगी उडाली आणि साहेब टोपीसकट मागच्या बाकावर.

"सांगितलं होतं, शिवू नका! चाळीस वर्षांच्या एकादशा आहेत ह्या!"

प्रकाश साहेबांना उठवायला धावला. साहेबांनी बोट चोळत विचारलं, "मास्टरजी, ये बिजली बनी कहाँ से?"

"बनी नहीं साहब, सिर्फ बँटी है."

त्यानं मायला खाली उतरवलं, नळीवरून हात फिरवून तिची वीजही उतरवली आणि मायला पुन्हा पाटावर चढवलं. सोजरबाईंनी नळी घासली आणि पदरातच गुंडाळून धरली. कापूस ढिम्म. नळी बाहेर ओढली, तर कापूस नळीकडेही धावला आणि सोजरबाईंकडेही. पुन्हा गुंडाळली, पुन्हा ढिम्म.

"जितनी इधर, उतनी उधर. जोड़ शून्य!" प्रकाश साहेबांना म्हणाला.

चाळीस वर्षांच्या एकादशा आणि बेरीज शून्य! सोजरबाईंना पायाखालचा पाट हलल्यासारखा वाटला. साहेब त्यांच्याकडे पाहत पाहत वहीत काहीतरी लिहीत होते.

घरी जाताना प्रकाश म्हणाला, "माय, नोकरी पक्की झाली."

"ते असू दे. माझ्याबद्दल काय लिहिलं त्यानं?"

प्रकाशनं खिशातून शेऱ्याची नक्कल काढली. चाचरत वाचलं, "'प्रयोग उत्तम. उपकरण पुराना, पर चालू हालत में.'"

सोजरबाईंनी पदर झटकून नीट खोचला.

"चालू हालत," त्या म्हणाल्या. "एवढं तरी मेल्यानं बरोबर लिहिलं."